पिठल्याचा झुणका आणि अठरा हजारांचं पॅकेज

वाचकाचं पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. वय ५८. सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या गावात गेलं, शेतात राबले, पोटाची तक्रार कधी माहीत नव्हती. मिस्टर गेल्यावर आठ महिन्यांपूर्वी मुलाकडे पुण्यात आले आणि तेव्हापासून पोट साफ होत नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस संडासला होत नाही, झालं तरी खडा. रात्री चूर्ण घेते. घेतलं की दुसऱ्या दिवशी तीन-चारदा पळावं लागतं, मग पुन्हा दोन दिवस बंद. फ्लॅटमध्ये संडास एकच, सकाळी सगळ्यांची घाई. गुडघे दुखतात म्हणून कमोड आहे ते बरंच आहे. मध्यंतरी जिना चढताना दम लागत होता, तपासलं तर हिमोग्लोबिन ९ आलं, तेव्हापासून तीन महिने लोहाची गोळी चालू आहे, कॅल्शियमचीही आहे. आता सुनेच्या मैत्रिणीने एका केंद्राचं ‘कोलन डिटॉक्स’चं पॅकेज सांगितलंय. सात बैठका, अठरा हजार रुपये. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांची घाण चिकटलेली असते, ती नळीने पाणी सोडून धुऊन काढतात म्हणे. मुलगा पैसे भरायला तयार आहे. करू का? आणि एक विचारते, हसू नका. हे मोठं आतडं नुसती घाण साठवायलाच असतं का?

– एक आजी, पुणे

ताई, नमस्कार.

हसायचं काय त्यात? तीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. रोज निदान चार माणसं तरी ‘पोट साफ होत नाही’ म्हणत समोरच्या स्टुलावर बसली. पण त्या साफ न होणाऱ्या जागेचं काम तरी काय, असं विचारणाऱ्या तुम्ही बहुधा पहिल्याच. तेव्हा उत्तर लांबणार आहे. घाईच्या दोन गोष्टी मात्र आधी सांगून टाकते. एक, ते अठरा हजार भरू नका. दोन, हिमोग्लोबिनचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे येतेच, तोवर कागद खाली ठेवू नका.

काल रात्री आठला तुम्ही जेवलात असं धरू. जठरात दोन-चार तास घुसळण होऊन ते जेवण थोडं थोडं लहान आतड्यात उतरतं. हे आतडं नावाला लहान, लांबीला सहा-सात मीटर. खरं पचन इथे होतं. भाकरीतलं पिष्ट, डाळीतली प्रथिनं, फोडणीतलं तेल, सगळं फोडून रक्तात घेण्याचं काम इथेच उरकतं. मध्यरात्र उलटून गेली की उरलंसुरलं पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे अपेंडिक्स असतं तिथे, एका झडपेतून मोठ्या आतड्यात पडतं. म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाट्याला जे येतं, त्यातलं आपल्या कामाचं बहुतेक सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. काही आजारांत अख्खं मोठं आतडं काढून टाकावं लागतं, तरी माणसं जेवतात, पचवतात, कामावर जातात. त्यांना पाण्याची आणि मिठाची काळजी तेवढी जास्त घ्यावी लागते. मोठ्या आतड्याच्या पहिल्या कामाचा पत्ता त्यातच आहे.

आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी-चहा-ताक पितो. पण लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं शरीर स्वतःच आणखी सहा-सात लिटर अन्नमार्गात ओतत असतं. हे सगळं बाहेर गेलं असतं तर दोन दिवसांत माणूस वाळून गेला असता. लहान आतडं त्यातलं बहुतेक परत खेचतं. तरी साधारण एक-दीड लिटर पातळ माल रोज मोठ्या आतड्यात येतोच, आणि बाहेर पडताना त्यातलं शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी उरलेलं असतं. बाकीचं ते पाटबंधारे खात्याच्या वरताण काटकसरीने रक्तात परत पाठवतं. आधी मीठ ओढून घेतं, मिठामागे पाणी आपसूक येतं.

आता उपमा देते, जेवत असाल तर पुढचा परिच्छेद नंतर वाचा. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. उजवीकडून वर यकृताखालपर्यंत, मग आडवं, मग डावीकडून खाली, अशी दाराच्या चौकटीसारखी त्याची मांडणी. उजव्या कोपऱ्यात माल येतो तेव्हा तो सरसरीत पिठलं असतो. आडव्या भागात येईपर्यंत घट्ट होतो. डावीकडे उतरताना त्याचा झुणका झालेला असतो. या प्रवासाला बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो. दोन दिवसही नॉर्मलच बरं का. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोकळीक निसर्गाने दिली आहे. रोज सकाळी सहाला झालंच पाहिजे हा नियम आपल्या घराघरांतला.

पण या आतड्याला झुणका झाल्यावर आच बंद करता येत नाही. माल समोर आहे तोवर ते पाणी ओढत राहतं. एक दिवस जास्त थांबला तर झुणका कोरडा, दोन दिवस जास्त थांबला तर तुमच्या पत्रातला खडा. म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्ही काय खाता हा नाहीच. तो माल थांबतोय का, हा आहे. आणि त्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: ‘संडास एकच, सकाळी सगळ्यांची घाई.’

गावाकडे तुम्ही पाचला उठत असणार. चहा घेतला की दहा मिनिटांत पोटात हालचाल व्हायची, आणि वाट अडवायला कुणी नसायचं. पोटात काही पडलं की जठर मोठ्या आतड्याला निरोप धाडतं, पुढचा माल सरकवा, मागून नवा येतोय. झोपेतून उठल्यानंतर हा निरोप सगळ्यात जोरकस असतो. दिवसातून एक-दोनदाच आतडं असा जोराचा लोट मारतं, आणि त्यातला सकाळचा लोट हुकला की पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. पुण्यात काय होत असेल ते मी डोळ्यांसमोर आणते. साडेसहाला चहा झाला, संडासला लागली, तर आत मुलगा. तो आला की नातवाची शाळेची बस. मग सूनबाईंचं ऑफिस. तुम्ही ‘माझं काय, मी घरीच आहे’ म्हणत बसून राहिलात. नऊ वाजता घर रिकामं झालं, तेव्हा वेग निघून गेलेला. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग, समजूतदार असतं, थोपवलं की थोपतं, थोडं ताणून घेतं आणि बोलायचं बंद करतं. रोज थोपवलं तर हळूहळू त्याचं बोलणंच ऐकू येईनासं होतं. चरकसंहितेत एक अख्खा अध्याय अडवू नयेत अशा तेरा वेगांवर आहे आणि मलाचा वेग त्यात आहे. आजचं वैद्यक यावर एका अक्षरानेही वेगळं सांगत नाही.

यावर औषध दुकानात मिळत नाही, ते घरात बोलावं लागेल. मला ठाऊक आहे, सासूने सुनेला ‘मला सकाळी सात ते सव्वासात संडास मोकळा हवा’ असं सांगणं किती जड जातं. पण अठरा हजारांचं पॅकेज ज्या घरात उघडपणे बोललं गेलं, तिथे पंधरा मिनिटांचं बोलायला काय हरकत आहे? हे पत्रच मुलाच्या हातात द्या. ते नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे तुमचा जुना पाचचा चहा पुन्हा सुरू करा. घर जागं होईपर्यंत तुमचं उरकलेलं असेल. पहिले आठ-पंधरा दिवस काही झालं नाही तरी त्याच वेळी जाऊन दहा मिनिटं बसायचं, कुंथायचं नाही. आतड्याला वेळेची सवय लागते, सुटते आणि पुन्हा लागते.

आणि कमोडचं. गुडघ्यांसाठी तो हवाच, पण त्यावर खुर्चीसारखं बसलं की मलमार्गाला एक काटकोनी वळण पडतं. उकिडवं बसल्यावर तेच वळण पुष्कळ सरळ होतं. गावाकडून जेवायचा पाट आणला असेल तर तो किंवा एखादं बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल पायांखाली घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतपत, आणि किंचित पुढे वाका. गुडघ्यांवर भार येत नाही आणि बैठक जवळपास उकिडवी होते. माझ्या दवाखान्यात या एका पाटाने जितक्यांचं काम झालं, तितकं कुठल्याही सिरपने झालं नसेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नुसती घाण साठवायलाच असतं का. नाही हो. तिथे एक फार मोठं बिऱ्हाड नांदतं. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ सालचा एक हिशोब आहे, म्हणजे शरीरातल्या आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास एकास एक. त्यातले बहुतेक सगळे राहतात मोठ्या आतड्यात. ज्वारीचा कोंडा, मेथीची देठं, मटकीची सालं यांतला जो चोथा लहान आतड्याला पचवता आला नाही, तो हे जिवाणू आंबवतात. विरजणासारखंच काम, फक्त दुधाऐवजी चोथ्यावर. त्यातून काही छोटी आम्लं तयार होतात. एकाचं नाव ब्युटिरेट. जुन्या लोण्याला जो उग्र वास येतो तो याच आम्लाचा, नावही लोण्यावरूनच पडलंय. आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न हेच ब्युटिरेट. बाकीचं शरीर रक्तातून जेवतं. हे अस्तर मात्र बरंचसं आपल्याला न पचलेल्या चोथ्यावर जगतं. भाकरीतला जो भाग तुमचं पोट भरत नाही, तो तुमच्या आतड्याचं पोट भरतो.

हे बिऱ्हाड थोडंफार के जीवनसत्त्वही बनवतं, बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाही, आणि हो, वायूही तयार करतं. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं नॉर्मल आहे. हा आकडा ऐकून दवाखान्यातल्या पुष्कळ चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला मी पाहिलाय.

बाहेर पडणाऱ्या मलातही निव्वळ उष्टं-खरकटं नसतं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश पाणी, आणि उरलेल्या कोरड्या भागातला मोठा वाटा याच जिवाणूंचा.

आता ती भिंतीला चिकटलेली वर्षानुवर्षांची घाण. पन्नाशीत मी स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घेतली. पूर्ण भूल घेतली नाही, डॉक्टर असल्याची खुमखुमी, दुसरं काय. डावीकडे वळून पडद्यावर बघत होते. ओठाच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी, ओली, चकचकीत भिंत, तिच्यावर नाजूक झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रक्तवाहिन्या, आणि ठरावीक अंतरावर पडद्याच्या चुण्या पडाव्यात तशा वळ्या. काळे थर, जुनी पुटं, काही नाही. चिकटणार तरी कशाला? त्या भिंतीवर सतत बुळबुळीत श्लेष्मा पाझरत असतो आणि तिच्या वरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. जी भिंत आठवड्याच्या आत स्वतःच बदलते, तिच्यावर वर्षांची घाण राहणार कुठे?

ही समजूत आपल्याकडचीच आहे असंही समजू नका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे लोक हेच मानत होते. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याचं ठाम मत होतं की मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष रक्तात भिनतं आणि माणूस लवकर म्हातारा होतो. त्यावर तो आंबवलेलं दूध प्यायला सांगायचा, ते एक बरं. लंडनचे सर विल्यम आर्बथनॉट लेन हे नावाजलेले सर्जन तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढायचे. मग १९१९ मध्ये अल्व्हारेझ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साधा मुद्दा मांडला. बद्धकोष्ठात डोकं जड होतं, जीव मरगळतो, आणि संडासला झाल्याबरोबर पाच मिनिटांत हलकं वाटतं. रक्तात विष भिनलेलं असतं तर ते पाच मिनिटांत कसं उतरलं असतं? दारू उतरायला रात्र लागते. म्हणजे ती मरगळ ताणलेल्या गुदाशयाची असते, तिथल्या नसा कुरकुरत असतात. विषाची कल्पना वैद्यकातून पुढे मागे पडली, ती आता पॅकेज होऊन परत आली आहे.

नळीने वीस-पंचवीस लिटर पाणी फिरवून काय होतं? बाहेर घाण दिसते, ती कालची असते, आज ना उद्या आपोआप निघालीच असती. हलकं वाटतं, तेही खरं, कारण जागा रिकामी झाली. पण आतडं पाण्याबरोबर क्षारांचा हिशोब ठेवतं आणि तो बिघडू शकतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर विशेष. नळी नीट निर्जंतुक नसेल तर संसर्ग होतो, आणि क्वचित आतड्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय तुमचं बद्धकोष्ठ पुढच्या आठवड्यात जागच्या जागी. वैद्य ठरावीक आजारात, तपासून, मोजून बस्ती, म्हणजे गुदमार्गाने औषध, देतात, तिची आणि या केंद्रातल्या पाण्याची सांगड घालू नका.

तुमच्या चूर्णाचं चक्रही असंच आहे. आमच्या आजीचा नेम होता, महिन्यातल्या एका रविवारी सगळ्या नातवंडांना सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. नाक दाबायची, घोट आत, वर गुळाचा खडा. रविवारभर आम्ही आठ जण रांगेत. सोमवारी कुणालाच काही व्हायचं नाही, मंगळवारीही नाही, आणि आजी विजयी मुद्रेने म्हणायची, “बघा, अजून पोटात आहेच!” पोटात काही नसायचंच. अख्खा दीड मीटरचा मार्ग एका दिवसात रिकामा केला तर तो पुन्हा भरून माल डाव्या टोकाला पोचायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या रिकाम्या दिवसांना तुम्ही बद्धकोष्ठ समजता, घाबरता आणि तिसऱ्या रात्री पुन्हा चूर्ण. डब्यावर घटक वाचा, बहुधा सोनामुखी असेल. गंमत अशी की सोनामुखीतलं द्रव्य मुळात निद्रिस्त असतं. मोठ्या आतड्यातले तेच जिवाणू त्याला जागं करतात, तेव्हा कुठे ते आतड्याला चाबूक मारतं. रात्री घेतलेलं सकाळी लागू पडतं ते यामुळे.

चूर्ण एकदम बंद करू नका. त्याच्या सोबतीला रोज इसबगोल सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत चूर्ण आधी निम्मं, मग दिवसाआड, मग बंद असं उतरवा. इसबगोल म्हणजे त्या बियांचं साल, ते पाणी धरून ठेवतं, खड्याला मऊ ठेवतं, आतड्याला चाबूक मारत नाही. दोन चहाचे चमचे, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात किंवा आतड्यात फुगून बसतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. एका रात्रीत गुण येत नाही, तीन-चार दिवस धीर धरा.

खाण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही आयुष्यभर बरोबरच खात होता. ज्वारी-बाजरीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या वर चोथा असतो, पॉलिशच्या तांदळात जेमतेम तीन, मैद्यातही तेवढाच. पुण्यात रोज एक वेळ तरी भाकरी थापा, नातवालाही आवडेल. चपातीचं पीठ मऊ लुसलुशीत व्हावं म्हणून बारीक चाळणीने चाळत असाल तर तो कोंडा परत पिठात घाला. मटकी, हुलगे, शेवगा, गवार, सालासकट पेरू, जवसाची चटणी. पण सगळं एका सोमवारी सुरू करू नका, हळूहळू वाढवा, नाहीतर वायूने हैराण व्हाल आणि मला शिव्या द्याल. पाणी तहानेप्रमाणे प्या. उठल्या उठल्या चार तांबे पाण्याने आतडं धुतलं जात नाही. ते पाणी वरच्यावर लहान आतड्यात शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं. गरम पेल्याने तो सकाळचा निरोप मात्र नक्की जातो. आणि शेतातली चाल आता नाही, तेव्हा सोसायटीत सकाळ-संध्याकाळ चाला.

आता हिमोग्लोबिन.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मलावरोध वाढतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. तुमची तक्रार आठ महिन्यांची आणि लोहाची गोळी तीन महिन्यांची, म्हणजे मूळ कारण गोळी नाही, भर मात्र तिची असू शकते. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून किंवा दिवसाआड देऊन पाहता येतं. तिने मल काळा-हिरवा होतो, त्याला भिऊ नका. डांबरासारखा चिकट, भयंकर वासाचा असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. हिमोग्लोबिन ९ का झालं? बाईचं १२ तरी असायला हवं. पाळी चालू असलेल्या बाईला आपण पाळीवर बोट ठेवतो. तुमची पाळी जाऊन काही वर्षं झाली असणार. मग रक्त जातंय कुठे? खाण्यात कमी असेल, शोषलं जात नसेल. गुडघ्यांसाठी दुखणं थांबवायच्या गोळ्या वरचेवर घेत असाल तर जठरात व्रण होऊन हळूहळू रक्त झिरपत असेल. मूळव्याध असेल. आणि मोठ्या आतड्यात एखादी गाठही असू शकते. मघाची चौकट आठवा. डावीकडे माल झुणक्यासारखा घट्ट, तिथे गाठ झाली तर अडतं, दुखतं, लवकर लक्षात येतं. उजवीकडे माल पिठल्यासारखा, गाठ वाढली तरी तो तिच्या बाजूने सहज वाहून जातो. मलात रक्त मिसळतं ते डोळ्यांना दिसतही नाही. कित्येकदा पहिली खूण एवढीच, जिना चढताना दम लागतो आणि हिमोग्लोबिन कमी निघतं.

घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या बाबतीत साधंच कारण निघण्याची शक्यता जास्त आहे. पण ५८व्या वर्षी संडासच्या सवयीत बदल आणि त्याच काळात रक्त कमी, ही जोडी मी माझ्या दवाखान्यात कुणालाच नुसत्या लोहाच्या गोळीवर घरी पाठवली नसती. गोळीने आकडा वर आला तरी कारण जागेवरच असतं. तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, ‘माझं रक्त कशाने कमी झालं ते शोधलं का?’ रक्ताची पुन्हा तपासणी, शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, थायरॉईडची (ते मंदावलं तरी बद्धकोष्ठ होतं), मलात न दिसणारं रक्त आहे का त्याची. ते म्हणाले तर जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणीही. वजन उतरलंय का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, हे विचारतील, आधी आठवून ठेवा. ही तपासणी झाल्याशिवाय तर त्या केंद्रातली नळी अजिबातच नको, आत काय आहे हे ठाऊक नसताना पाण्याचा दाब द्यायचा नसतो.

आणि कोलोनोस्कोपी ठरलीच, तर आदल्या दिवशी एक खारट औषध दोन-तीन लिटर पाण्यात मिसळून प्यायला देतात. संध्याकाळपासून संडासच्या खेपा सुरू होतील त्या बाहेर पडणारं पाणी पिवळसर, स्वच्छ दिसेपर्यंत. सुनेची मैत्रीण म्हणते तशी आतड्याची धुलाई त्यात आपोआप होते, तिचे वेगळे अठरा हजार पडत नाहीत. त्या संध्याकाळी मात्र घरातला एकुलता संडास पूर्ण तुमचा, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

रिपोर्ट आले की कळवा. नाव-गाव नको असेल तर नको, आकडे तेवढे लिहा. आणि पाट सापडला का, तेही.